साधन कोणाच्या हाती?

(वर्गातील यंत्रे आणि विद्यार्थ्यांची निर्मितिशक्ती : एक अभ्यास)

द्वितीय वर्ष, कला शाखा

शाळेत नवे यंत्र आले की एक छोटासा समारंभ होतो. यंत्राला हार घालतात, नारळ फोडतात, पाहुणे कळ दाबतात आणि टाळ्या होतात. मी आठवीत असताना आमच्या शाळेतही असा एक मोठा पडदा आला. त्यावर बोटाने लिहिता येत असे, चित्र लहानमोठे करता येत असे. पहिल्या दिवशी आम्ही त्यावर मानवी हृदयाची धडधड पाहिली आणि थक्क होऊन गेलो. मात्र विद्यार्थ्यांनी पडद्याला हात लावू नये अशी सक्त ताकीद होती, आणि वस्तू महाग असल्यामुळे ती कोणाला गैरही वाटली नाही. पुढे पडद्याचा वापर कमी होत गेला, त्यावर कापडी आच्छादन आले, आणि मी शाळा सोडली तेव्हाही ते आच्छादन तसेच होते.

त्याच वर्षी विज्ञानाच्या बाईंनी आम्हांला घरून एक काड्यापेटी आणि सायकलच्या दुकानातून हातभर व्हॉल्व्ह ट्यूब आणायला सांगितली. ट्यूबचे लहान तुकडे करायचे, त्यांच्या दोन टोकांत काड्या खोचायच्या आणि आकृत्या तयार करायच्या, एवढेच काम. चार काड्यांचा चौकोन केला तर तो बोटाने ढकलताच कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कितीही ढकलला तरी आपला आकार सोडत नाही. "असे का होते ते मी आज सांगणार नाही, उद्या येताना त्रिकोण कुठे कुठे दिसला ते लिहून आणा," असे बाई म्हणाल्या. त्या संध्याकाळी मला रेल्वेपुलाच्या लोखंडी पट्ट्यांत, विजेच्या मनोऱ्यांत आणि आमच्या घराच्या छपराखालच्या कैचीतही त्रिकोण दिसले. छप्पर तेच होते, पण ते मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

एका बाजूला हजारो रुपयांचा पडदा आणि दुसऱ्या बाजूला दोन-चार रुपयांचे साहित्य! दोन्ही शिकण्याचीच साधने. एकाने मला थक्क केले, दुसऱ्याने मला कामाला लावले. या दोहोंत जो फरक आहे, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. यंत्र चांगले की वाईट, हा वाद जुना आहे आणि तो निष्फळही आहे. खरा प्रश्न असा, की वर्गातले साधन कोणाच्या हाती असते आणि ते हाती आल्यावर विद्यार्थी त्यातून स्वतःचे असे काही घडवतो की नाही?

निर्मितिशक्ती म्हणजे काय?

निर्मितिशक्ती म्हटली की आपल्यासमोर कविता, चित्र, नाटक येते. स्नेहसंमेलनात जे दिसते तेवढ्यालाच आपण निर्मिती समजतो. परंतु एखाद्या मुलाने स्वतःचा प्रश्न तयार केला, गणित सोडवण्याची वेगळी वाट काढली, पाहिलेल्या गोष्टीला स्वतःचे वाक्य दिले, तर तीही निर्मितीच होय. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी बालकांचे अनेक वर्षे निरीक्षण करून असे प्रतिपादन केले, की मूल ज्ञान आयते स्वीकारत नाही. वस्तू हाताळून, चुकून, पुन्हा जुळवून ते आपले ज्ञान स्वतः रचत असते. आपल्याकडच्या प्राथमिक शाळांत 'ज्ञानरचनावाद' हा शब्द आज रूढ झाला आहे, त्याचे मूळ याच विचारात आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी फरशीवर आखलेल्या आकृत्या, खडे, काड्या, बाटल्यांची झाकणे यांच्या साहाय्याने या विचाराला प्रत्यक्ष रूप दिले, आणि राज्यभरातील शिक्षक त्या शाळा पाहण्यासाठी जाऊ लागले.

मग मूल ज्ञान रचत असेल, तर त्या रचनेला लागणारी वीट म्हणजे साधन. वीट गवंड्याच्या हाती हवी. ती काचेच्या कपाटात ठेवून भिंत उभी राहणार नाही.

कोसबाडची टेकडी

महाराष्ट्रात ही गोष्ट फार पूर्वी ज्यांनी ओळखली, त्यांत ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे काम करून त्यांनी बालशिक्षणाचा अनुभव मिळवला. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत मुलांनी हाताळण्यासाठी लाकडी ठोकळे, मणी, मनोरे अशी सुबक साधने असतात. शहरातल्या बालमंदिरांना ती परवडत. खेड्यातल्या आणि आदिवासी पाड्यांतल्या मुलांचे काय, हा ताराबाईंपुढचा प्रश्न होता. १९४५ साली त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे आल्या. तेथे अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.

या दोघींनी माँटेसरीचे तत्त्व घेतले आणि महाग साहित्य बाजूला ठेवले. शिंपले, बिया, पाने, दगड, माती, काड्या हीच साधने झाली. मोजायचे तर बियांनी मोजावे, लहानमोठे ओळखायचे तर दगड रचावेत. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच पाड्यातल्या अंगणात गेली, आणि त्यातून 'अंगणवाडी' ही कल्पना आकाराला आली. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेची वेळ जमत नाही हे ध्यानात आल्यावर गुरांमागे कुरणातच शाळा भरली, ती 'कुरणशाळा'.

कोसबाडला वीज लागणारे यंत्र नव्हते, म्हणून तेथे तंत्रज्ञान नव्हते असे म्हणणे चुकीचे होईल. हाती असलेल्या वस्तूचा विचारपूर्वक केलेला उपयोग म्हणजेच तंत्र. शिवाय बी हरवली तर मूल दुसरी वेचून आणते; त्यामुळे 'हात लावू नका' अशी ताकीद द्यावी लागत नाही. साधन स्वस्त असण्याचा हा एक मोठा शैक्षणिक लाभ आहे.

हीच वाट पुढे अरविंद गुप्ता यांनी विज्ञानासाठी रुंद केली. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता होऊन बाहेर पडलेले गुप्ता पुण्यात मोटारगाड्यांच्या कारखान्यात नोकरीला होते. १९७८ च्या सुमारास त्यांनी रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम केले. काड्यापेटीतील काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब यांच्या आकृत्या त्यांनीच घरोघर पोहोचवल्या. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून असंख्य खेळणी करून दाखवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या बाईंनी आम्हांला दिलेला तो त्रिकोण अशा रीतीने बराच प्रवास करून आमच्या वर्गात आला होता, हे मला हा लेख लिहिताना कळले.

एका दिशेने बोलणारी यंत्रे

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. यंत्र आले की शिक्षण बदलून जाईल, असे भाकीत प्रत्येक पिढीत झाले आहे. १९१३ साली थॉमस एडिसन यांनी चित्रपटामुळे शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील असे सांगितले होते. त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली; पुस्तके अजून दप्तरात आहेत.

भारतानेही या दिशेने मोठा प्रयोग केला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्यात आले. 'साइट' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु पुढे १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली आणि तिने मराठीतून हजारो शैक्षणिक कार्यक्रम तयार केले. आमच्या आईवडिलांच्या पिढीला ते आठवतात. २०१७ साली ही संस्था बंद झाली.

या प्रयत्नांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. ज्या मुलाने समुद्र पाहिला नाही त्याला समुद्र दाखवणे, ज्या शाळेत सूक्ष्मदर्शक नाही तेथे पेशी दाखवणे, हे दूरदर्शन करू शकले. पण त्याची एक मर्यादा त्याच्या घडणीतच होती. ते बोलत असे आणि मूल ऐकत असे. मुलाला शंका आली तर चित्र थांबत नसे. मुलाने काही केले तर ते पडद्यापर्यंत पोहोचत नसे. आमच्या शाळेतील तो मोठा पडदाही, बोटाने चालणारा असूनही, या अर्थाने दूरदर्शनच राहिला. कारण बोट नेहमी शिक्षकांचेच असे.

यंत्राला शिकवणारे मूल

मग यंत्र मुलाच्या हाती देता येते का? या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर सीमोर पॅपर्ट यांनी दिले. पॅपर्ट गणिती होते आणि जिनिव्हा येथे त्यांनी पियाजे यांच्यासोबत काम केले होते. १९६७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत 'लोगो' ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. संगणक मुलाला शिकवणार नाही, मूल संगणकाला शिकवील, असा तिचा उलटा क्रम आहे.

लोगोत पडद्यावर एक 'कासव' असते. त्याला 'इतकी पावले पुढे जा', 'इतके अंश उजवीकडे वळ' अशा आज्ञा द्यायच्या; कासव चालते आणि मागे रेघ उमटते. चौरस काढायचा तर 'पुढे जा, ९० अंश वळ' ही जोडी चार वेळा सांगायची. आता समभुज त्रिकोण काढायचा. त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे पुस्तकात वाचलेले असते; म्हणून मूल ६० अंश वळायला सांगते. कासव भलतीकडेच जाते, त्रिकोण मिटत नाही. मग मूल स्वतः उठून जमिनीवर कासवासारखे चालून बघते आणि त्याच्या ध्यानात येते, की आतला कोन ६० अंशांचा असला तरी चालणाऱ्याला बाहेरून १२० अंश वळावे लागते. तीन वळणे मिळून ३६० अंश, म्हणजे एक पूर्ण फेरी! हा नियम त्याला कोणी सांगितला नाही. त्याच्या चुकीने तो दाखवला.

काड्यांचा त्रिकोण आणि कासवाचा त्रिकोण यांत किमतीचा फरक फार मोठा आहे, पण शिकण्याच्या रीतीत फरक नाही. दोन्ही ठिकाणी मूल करते, चुकते आणि दुरुस्त करते. यावरून हे स्पष्ट होते, की साधनाचा कस त्याच्या किमतीवर किंवा नवेपणावर लावता येत नाही.

परितेवाडीचा चौकोन

महाराष्ट्रातील अलीकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे. माढा तालुक्यातील या लहानशा गावच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ साली रुजू झाले. शाळेची इमारत तेव्हा मोडकळीस आलेली होती. त्यांनी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. ते फोनने टिपले की ध्वनिमुद्रित कविता, गोष्ट, चित्रफीत किंवा स्वाध्याय समोर येई. २०१७ साली राज्य शासनाने सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड देण्याचे जाहीर केले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा दहा लाख डॉलरचा जागतिक पुरस्कार मिळाला, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

क्यूआर कोड ही वस्तू मुळात शाळेसाठी जन्मलेली नाही. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह या कंपनीत मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी ती शोधण्यात आली. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांत माहिती साठवलेली असते आणि तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकोनांवरून यंत्राला कोडची दिशा कळते. पुस्तकावरच्या अशा चौकोनात बहुधा धडा नसतो. धड्याचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर काय ठेवायचे ते माणसाने ठरवायचे असते. डिसले यांचे खरे कर्तृत्व, माझ्या अल्पमतीप्रमाणे, चौकोन छापण्यात नसून आपल्या मुलांना काय हवे ते ओळखून त्या पत्त्यावर ठेवण्यात आहे. एका शिक्षकाने आपल्या मुलांसाठी केलेले साधन राज्यभर छापले गेले, तरी त्यामागची ओळख छापून पाठवता येत नाही. ती प्रत्येक वर्गात नव्याने करावी लागते.

शाळा बंद झाल्या तेव्हा

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि 'साधन कोणाच्या हाती' हा प्रश्न अगदी शब्दशः घराघरांत उभा राहिला. आमच्या घरी एकच फोन होता आणि तो बाबांबरोबर कामावर जात असे. मी नववीत आणि भाऊ सहावीत. बाबा रात्री परत आले की आधी भावाचा गृहपाठ आणि मग माझा, असा नंबर लागे; तोवर दिवसभराच्या पाठांचा ढीग साचलेला असे. तास सुरू असताना मी वर्गात कधीच नव्हते, म्हणून प्रश्न विचारण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. माझ्यासारख्या अनेकजणी होत्या. काहींची शाळा तेव्हा जी सुटली ती सुटलीच.

त्या दिवसांत महाराष्ट्रात काही ठिकाणी फार कल्पक उत्तरे शोधली गेली. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीतील एका शाळेच्या शिक्षकांनी सुमारे तीनशे घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मुले अंतर राखून रस्त्यातून चालत भिंती वाचू लागली. पालघर जिल्ह्यातील दांडवळ येथे 'बोलकी शाळा' या उपक्रमात ध्वनिवर्धकावरून पाठ ऐकवले गेले. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. तिच्यात व्याख्यानाऐवजी मुलांनी घरच्या माणसांसोबत करावयाच्या कृती होत्या. म्हणजे मघाशी ज्या दूरदर्शनला मी एका दिशेने बोलणारे यंत्र म्हटले, तेच यंत्र कल्पकतेने वापरले तर मुलाच्या हाताला काम देऊ शकते. माझे आधीचे विधान तेवढे सुधारून घेतले पाहिजे.

या काळाने एक गोष्ट ठळक केली. निर्मितिशक्तीविषयी बोलण्याआधी साधन पोहोचले पाहिजे. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याला 'स्वतः शोध घे' असे सांगणे ही थट्टा होईल.

आयते उत्तर

आता एक कबुली देते. २०२२ च्या अखेरीपासून माणसाशी संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे सर्वांच्या फोनवर आली. प्रश्न टाकला की क्षणात दीड पानाचे शुद्ध उत्तर मिळते. अशा यंत्राने प्रचंड मजकुरातून शब्दांच्या जुळणीचे संकेत टिपलेले असतात, आणि पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ठरवत ते वाक्य रचत जाते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. निबंध कसा लिहावा, हे सांगणारे घरात कोणी नाही. म्हणून पहिल्या वर्षी एका विषयाचा स्वाध्याय मी त्या यंत्राकडून लिहून घेतला आणि स्वच्छ अक्षरात उतरवून दिला.

सरांनी तो वाचला आणि म्हणाले, "चांगला आहे. आता यातला दुसरा परिच्छेद तुझ्या शब्दांत सांग बरे." मला सांगता आला नाही. सर रागावले नाहीत. पण त्या दिवशी घरी जाताना मला वाटले, की आईबाबा एवढे कष्ट करून मला जे शिकायला पाठवतात, तेच मी दुसऱ्याकडून करून घेतले. पूर्वी गाईडमधून उत्तरे पाठ करणारे विद्यार्थी निदान पाठ तरी करत असत. मी तेवढेही केले नव्हते.

पुढच्या स्वाध्यायासाठी सरांनी वेगळेच काम दिले. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी त्याच्या कामाविषयी बोला, ते फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि ऐकून लिहून काढा. मी आजीजवळ बसले. नवीन पनवेल हे सिडकोने वसवलेले नगर. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांची जमीन घेण्यात आली. आज जेथे इमारती आहेत तेथे पूर्वी भाताची खाचरे होती. आजी राबाविषयी बोलली. म्हणजे पावसाआधी पालापाचोळा आणि शेण पसरून ज्या जागी जमीन भाजतात आणि मग रोपासाठी बी पेरतात ती जागा. आवणाविषयी बोलली, म्हणजे लावणीसाठी उपटलेली रोपे. आणि एक शब्द मला कळेना : 'उघाडी'. मी गंमत म्हणून यंत्राला विचारले. त्याने मोठ्या विश्वासाने सांगितले, की पाऊस थांबून आभाळ मोकळे होणे म्हणजे उघाडी.

आजी खूप हसली. "अगो, ती उघडीप! उघाडी म्हंजे खारीच्या बांधाचं दार," ती म्हणाली. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने ते दार उघडते आणि पाणी खाडीत जाते. भरती आली की खाडीचेच पाणी ते दार बंद करते, म्हणून खारे पाणी शेतात शिरत नाही. विजेशिवाय, माणसाशिवाय चालणारे ते एक यंत्रच! शाळेत न गेलेली माझी आजी मला दाबाचा नियम समजावून सांगत होती. मी तिला बांधाचे चित्र काढून दाखवले, तिने ते दोनदा चुकीचे ठरवले, तिसऱ्यांदा "हां, आत्ता बरोबर" म्हणाली.

आमच्या गटातील सात जणांनी मिळून शेती, मासेमारी आणि मिठागरे यांविषयीचे शंभराहून अधिक शब्द असे जमवले. फोन तोच होता, ज्याच्यावरून मी आयते उत्तर उतरवले होते. एकदा त्याने माझ्याऐवजी काम केले. दुसऱ्यांदा मी त्याच्याकडून काम करून घेतले.

काही सूचना

वर्गात कोणतेही साधन आणताना तीन प्रश्न विचारावेत, असे मला सुचवावेसे वाटते. पहिला, हे साधन विद्यार्थ्याच्या हाती जाणार आहे काय? दुसरा, त्याच्याशी चुकण्याची आणि चूक सुधारण्याची मोकळीक आहे काय? तिसरा, तास संपल्यावर विद्यार्थ्यापाशी आधी नव्हते असे, त्याने स्वतः केलेले काही उरते काय? शिंपला, काडी, रंगवलेली भिंत, कासव, फोन, सर्वांना हे प्रश्न सारखेच लागू पडतात.

यावर आक्षेप येतील हे मी जाणते. एका वर्गात साठ-सत्तर विद्यार्थी असतात, अभ्यासक्रम संपवायचा असतो आणि परीक्षेत गुण मिळतात ते ठरीव उत्तराला. शिक्षकांना एवढा वेळ कोठून मिळणार? हे आक्षेप खरे आहेत. म्हणून सर्व तास बदलावेत असे मी म्हणत नाही. महिन्यातून एक स्वाध्याय तरी असा असावा, ज्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात किंवा यंत्रात तयार नसेल, आणि गुण देताना कच्चे टिपण, खाडाखोड व तोंडी खुलासा यांचाही विचार व्हावा. दुसरे असे, की गरजू विद्यार्थ्यांसाठी जशी पुस्तकपेढी असते तशी साधनपेढीही असावी. दोन-चार जुने फोन आणि एक ध्वनिमुद्रक ग्रंथालयातून आठवड्याच्या बोलीवर मिळाले, तरी ज्यांच्या घरी एकच फोन आहे त्यांची मोठी सोय होईल. आणि आम्ही विद्यार्थ्यांनीही एक पथ्य पाळावे. यंत्राला शंका जरूर विचारावी, पण वाक्य आपले लिहावे. ते मोडकेतोडके असले तरी चालेल; विचारले असता ते आपल्याला समजावून सांगता येईल.

आमचा शब्दसंग्रह सध्या एका शंभरपानी वहीत आहे. वहीच्या डाव्या पानावर शब्द व अर्थ, उजव्या पानावर चित्र, अशी रचना आहे. 'उघाडी'च्या चित्रात आजीने खोडायला लावलेल्या दोन रेघा अजून दिसतात. त्या मी पुसलेल्या नाहीत. वहीची बरीच पाने कोरी आहेत. ज्यांच्या घरी खाचर, होडी किंवा मिठागर आठवणारे कोणी आहे, त्यांनी ती जरूर मागून न्यावी आणि पुढचे पान भरावे, अशी विनंती करून हा लेख संपवते.